छाया विकणाऱ्या सोजर्नरबाई



एका जुन्या फोटोची प्रिंट आणली आहे. पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. मूळ फोटोही एवढाच होता, पुठ्ठ्यासकट अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच. एक वयस्कर काळ्या बाई बसल्या आहेत. डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर शाल, हातात विणकाम, शेजारी टेबलावर पुस्तक आणि फुलं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी निवृत्त शिक्षिका असतील.

या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जन्माने गुलाम होत्या.

त्यांचं नाव सोजर्नर ट्रुथ. मी त्यांना सोजर्नरबाई म्हणते. जन्म साधारण १७९७चा, न्यूयॉर्क राज्यातला. गुलामगिरी म्हटली की आपल्याला दक्षिणेतले कापसाचे मळेच आठवतात, पण ती उत्तरेतही होती. त्यांची मातृभाषा डच. नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांचा लिलाव झाला. मेंढरांचा एक कळप आणि ही मुलगी, दोन्ही मिळून शंभर डॉलर. नव्या मालकाला इंग्रजी येत होतं आणि हिला येत नव्हतं, म्हणून सांगितलेलं काम कळायचं नाही आणि मार बसायचा. पाठीवरचे वळ आयुष्यभर राहिले. १८२६ साली तान्ह्या मुलीला घेऊन त्या मालकाच्या घरातून निघाल्या. मुलाला बेकायदा अलाबामात विकलं होतं, तर कोर्टात जाऊन त्याला परत मिळवलं. सोजर्नर ट्रुथ हे नाव त्यांनी १८४३ मध्ये स्वतःच घेतलं.

आता फोटोकडे येऊ. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधीचे बरेच फोटो म्हणजे धातूच्या पत्र्यावरची एकुलती एक प्रत. आता त्याच काचेवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. त्या पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि विकायच्या. यांना कार्त द व्हिझिट म्हणत. राणी व्हिक्टोरिया, सेनापती, नट्या, धर्मोपदेशक, सगळ्यांचे फोटो दुकानात मिळू लागले. लोक ते विकत घेऊन घरच्या अल्बममध्ये मामा-मावशीच्या शेजारी लावत. राणी अशी पहिल्यांदाच दिवाणखान्यात आली.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. १८६३ मध्ये तिथे असाच एक फोटो खूप खपला. लुइझियानातून पळून आलेला एक गुलाम, त्याला लोक गॉर्डन म्हणून ओळखतात, पाठ दाखवून बसला आहे. पाठीवर चाबकाच्या व्रणांचं जाळं. त्या फोटोने उत्तरेतल्या कित्येकांना हलवलं. तो हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ती पाठ.

त्याच वर्षी सोजर्नरबाई स्टुडिओत गेल्या. पाठीवर वळ त्यांच्याही होते. त्यांनी शाल पांघरली आणि विणकाम हातात घेतलं. एका फोटोत त्यांच्या मांडीवर उघडी फ्रेम आहे आणि त्यात त्यांच्या नातवाचा फोटो. हा नातू युनियनच्या काळ्या पलटणीत लढायला गेला होता. दया मागणारी एकही गोष्ट त्या चौकटीत नाही.

हे फोटो त्या सभांमध्ये आणि टपालाने विकत, त्यावर पोट चालवत. खाली एक ओळ छापलेली असे. तिचा अर्थ असा की छाया विकते आणि काया जगवते. त्या काळी तिथे फोटोला सावली म्हणत, आपण छायाचित्र म्हणतो तसंच. पूर्वी मला दुसऱ्यांच्या फायद्यासाठी विकलं जायचं, आता मी स्वतःला स्वतःसाठी विकते, असं त्या म्हणायच्या.

मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट मागच्या बाजूला आहे. तिथे एरवी स्टुडिओचं नाव असतं. इथे १८६४ साली कॉपीराइटची नोंद केल्याचा मजकूर आहे आणि नाव आहे सोजर्नर ट्रुथ यांचं. अमेरिकेच्या कायद्यात फोटोंना कॉपीराइट मिळाला तो १८६५ मध्ये, म्हणजे त्यानंतर! शब्दांच्या बाबतीत त्यांना एवढा ताबा मिळाला नाही. त्यांचं चरित्र दुसऱ्या बाईंनी लिहून घेतलं. त्यांचं १८५१चं प्रसिद्ध भाषण बारा वर्षांनी एका गोऱ्या कार्यकर्तीने छापलं, ते दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत. त्या बोलीशी या डच बोलत वाढलेल्या बाईंचा काय संबंध?

आता हे आपल्याला कशाला, असं कुणी विचारेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना. नेमकं त्याच सुमारास इंग्रज सरकार 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढत होतं, १८६८ ते १८७५. साडेचारशेहून जास्त फोटो, बहुतेकांखाली फक्त जातीचं किंवा जमातीचं नाव. आपली माणसं कॅमेऱ्यासमोर आली ती अशी, नमुना म्हणून.

मी बी.ए.ला असताना एका संस्थेने शिष्यवृत्ती वाटपाच्या कार्यक्रमात माझा आणि आईचा फोटो काढला. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. वार्षिक अहवालात तो छापून आला तेव्हा खाली एकच शब्द होता, 'लाभार्थी'. आईने अहवाल हातात घेतला आणि विचारलं, "आपलं नाव कुठंय गं?" मी म्हणाले, आत असेल. आत नव्हतं. तेव्हा मला राग आला नव्हता, लाज वाटली होती, आणि कशाची ते नीट कळतही नव्हतं.

गेल्या महिन्यात मी त्या संस्थेला पत्र पाठवलं. फोटोची मूळ प्रत मागितली आणि आईचं नाव कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

प्रिंट मागच्या रांगेपर्यंत पोहोचली का? उलटी करून बघा. पाठीमागचा मजकूरही मी छापून आणला आहे.