‘छान’ म्हणण्यापूर्वी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या चित्रकलेच्या वर्गात काय झाले तेवढेच सांगा.” ते मात्र सांगण्यासारखे आहे. चित्र काढायला शिकण्यापेक्षा एकमेकींचे चित्र पाहून काय बोलावे आणि आपल्याविषयीचे बोलणे कसे ऐकावे, हे शिकायलाच आम्हांला जास्त वेळ लागला.

आपल्या मंडळात दर बुधवारी दुपारी हा वर्ग भरतो. माझी शाळा सातवीनंतर सुटली आणि एलिमेंटरीची परीक्षा द्यायची राहून गेली, म्हणून मी हौसेने नाव घातले. वाटले होते, पहिल्या दिवशी गुलाबाचे फूल काढायला मिळेल. पण बाईंनी महिनाभर नुसत्या रेघा काढायला लावल्या. कागदावर दोन टिंबे द्यायची, पेन्सिल न टेकवता हात दोनतीनदा हवेत फिरवून पाहायचा आणि मग एका दमात टिंबे जोडायची. खोडरबर वर्ज्य! रेघ भीत भीत, तुकड्यातुकड्यांनी काढली की ती केसाळ दिसते. मनगट आखडून न ठेवता खांद्यापासून हात फिरवला की ती सरळ जाते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपणां बायकांना हे नवे नाही. पण हातात पेन्सिल आली की तोच हात कापू लागतो. रेघांनंतर वर्तुळे, मग ठोकळे, मग घरातली भांडी, असा आमचा क्रम होता.

बाईंचा आणखी एक नियम होता. वर्ग सुटण्यापूर्वी शेजारणीशी वही बदलायची आणि तिच्या अभ्यासाविषयी बोलायचे. झाले! सगळीकडून “छान”, “फारच छान” सुरू झाले. मी एक फुलपात्र सलग तीन बुधवार काढले आणि तिन्ही वेळा मला ‘छान’ मिळाले. चौथ्या बुधवारी माझ्याशेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती. तिने वही पाहिली आणि म्हणाली, “ताई, तोंड वरून पाहिल्यासारखे आहे आणि बूड समोरून. फुलपात्र खालून कापल्यासारखे दिसते.”

भगिनींनो, खरे सांगते, मला राग आला. घरात जी माझ्या हाताखाली पोळ्या करायला शिकली, ती चारचौघींत माझी चूक काढते! दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतेच बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी होते. फुलपात्र हातात घेऊन डोळ्यांसमोर धरले. त्याचे तोंड एका सरळ रेघेसारखे दिसले. ते हळूहळू खाली नेले, तसे तोंड उघडत गेले. आधी अरुंद लंबवर्तुळ, मग अधिक गोल. नजरेच्या जितके खाली, तितके ते गोल! म्हणजे बूड तर तोंडाहूनही खाली असते. त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वाकलेली हवी. मी मात्र तिथे पट्टीने मारावी तशी आडवी रेघ मारली होती. जावेचे शब्द खरे होते. ‘छान’ म्हणणाऱ्या तिघींनी माझे मन राखले, पण माझे तीन बुधवार फुकट गेले. संध्याकाळी मी तिला नवे चित्र दाखवले. ती म्हणाली, “आता ओट्यावर बसले.” तेव्हापासून आमची बोलणी पूर्ववत झाली, किंबहुना अधिकच मोकळी झाली.

इथपर्यंत सारे ठीक होते. पण पुढे मी स्वतः चुकले. चुका दिसू लागल्या, तशा त्या सांगण्याचा मला उत्साह चढला. वर्गात साठी उलटलेल्या एक काकू आहेत. त्यांनी काडेपेटी समोर ठेवून ठोकळा काढला होता. मी त्यांच्या वहीत बोट ठेवून एकामागून एक सात चुका सांगितल्या. रेघा कापऱ्या, कोपरे जुळत नाहीत, मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी, छाया उलट बाजूला, आणि असेच आणखी काही. काकूंनी मुकाट्याने वही मिटली. पुढचे दोन बुधवार त्या आल्या नाहीत.

मला चैन पडेना. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला आणि मग शांतपणे म्हणाल्या, “अगं, तू सात चुका सांगितल्यास, त्याचे मला वाईट वाटले नाही. पण त्यांतली आधी कोणती सुधारू, ते सांगितले नाहीस. मी पेन्सिल घेऊन बसले, की साती आठवतात आणि हात चालत नाही.”

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. आम्ही तिथेच वही उघडली. ठोकळ्याच्या मागे जाणाऱ्या कडा लाल पेन्सिलीने पुढे वाढवून पाहिल्या. दूर जाताना त्या एकमेकींच्या जवळ यायला हव्यात. इथे त्या फाकत होत्या. बाकी साऱ्या चुका बाजूला ठेवून काकूंनी तेवढेच मनात धरले आणि दहा ठोकळे काढले. कापऱ्या रेघांकडे आम्ही पुढच्या महिन्यात वळलो.

बाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी व्हॅन गॉग या डच चित्रकाराची गोष्ट सांगितली. 1880 साली, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले आणि बार्ग नावाच्या फ्रेंच माणसाच्या अभ्यासपुस्तकातील चित्रे एकामागून एक उतरवून काढली. 1885 साली त्याने बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे चित्र केले आणि त्याचा छाप आपल्या रॅपार्ड नावाच्या चित्रकार मित्राला पाठवला. मित्राने उलट पत्री हातांच्या, किटलीच्या साऱ्या चुका काढल्या. किटली धड टेकलेली नाही आणि कुणी धरलेलीही नाही, असे लिहिले. आणि वर, तू कलेची थट्टा चालवली आहेस, अशा सुरात ठपका ठेवला. व्हॅन गॉगने ते पत्र तसेच परत पाठवले. पुढे त्यांची मैत्री तुटली. किटलीविषयीचे बोलणे चित्राचे होते. पुढचे माणसाला लागले. तरी त्या चित्रकाराने अभ्यास सोडला नाही. 1890 साली, मृत्यूच्या वर्षीही, त्याने बार्गची ती पाने पुन्हा मागवली होती.

माझी मुलगी एलिमेंटरीला बसली, तिला ‘ब’ श्रेणी मिळाली. श्रेणीने आपण कुठे आहोत ते कळते. पण कोणती रेघ चुकली आणि उद्या काय करावे, ते कळत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसानेच सांगावे लागते.

म्हणून आम्ही आता एक रीत ठेवली आहे. वही देणारीने आधी सांगायचे, आज मी काय साधायला बसले होते. पाहणारीने जमलेली एक जागा बोटाने दाखवायची. मग सुधारण्याजोगी एकच गोष्ट सांगायची. आधी आकार, मग रेघ, छाया शेवटी. बोलायचे ते चित्राविषयी, बाईविषयी नव्हे. सुनेला “तुला पोळी येत नाही” म्हटले तर ती रडते. “कड जाड राहिली, तिथे लाटणे फिरव” म्हटले तर पोळी सुधारते. आणि ऐकणारीने “पेन्सिलच बोथट होती,” “घरात पाहुणे होते,” अशी कारणे सांगायची नाहीत. पटले नाही तर वस्तू समोर ठेवून पुन्हा पाहायचे. वस्तू खोटे बोलत नाही.

सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आमच्या वह्यांची पाने लावली आहेत. त्यांत काकूंचा पहिला ठोकळा आहे आणि परवाचाही आहे. माझे कापलेले फुलपात्रही आहे. चहाला जाताना अवश्य पाहा. मात्र नुसते ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका. प्रत्येकीला एक तरी जमलेली आणि एक तरी सुधारायची गोष्ट सांगा. आम्ही तिथेच उभ्या आहोत, रागावणार नाही.