माझ्यामागे याचे कसे होणार?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या घरात एखादे मूल अपंग असते, त्या घरातील मातेच्या मनाला एकच चिंता अहोरात्र ग्रासून असते : 'माझ्यामागे याचे कसे होणार?' या प्रश्नाला आपण आजवर सहानुभूतीने उत्तर देत आलो. परंतु सहानुभूतीने दिवस निभावतो, आयुष्य निभावत नाही.

1949 साली महारोगी सेवा समिती स्थापून बाबा आमटे यांनी वरोड्यास आनंदवन उभारले, ते कुष्ठरुग्णांच्याच श्रमांवर. महाबळेश्वरचे दृष्टिहीन उद्योजक श्री. भावेश भाटिया मुंबईच्या राष्ट्रीय अंध संस्थेत मेणबत्त्या घडविण्यास शिकले. आरंभी त्या त्यांनी हातगाडीवर विकल्या. आज त्यांच्या उद्योगात अनेक दृष्टिहीन बांधव काम करतात. या वाटचालीत पत्नी सौ. नीता यांची त्यांना मोलाची साथ लाभली.

यातून घ्यावयाचा बोध असा, की व्यवसायशिक्षण घरातील दोघांना मिळावे. अपंग व्यक्तीची शुश्रूषा करणारी आई किंवा बहीण बहुधा स्वतःची नोकरी सोडून घरी बसलेली असते. तिचेही हात बांधलेले असतात. एकाने वस्तू घडविण्याचे कौशल्य शिकावे, दुसऱ्याने कच्च्या मालाची खरेदी, हिशेब व विक्री शिकावी. जमेल तेथे दोघांनी दोन्ही शिकावे. घरगुती धंदा पुष्कळदा बुडतो तो किंमत ठरविताना स्वतःच्या श्रमाचे मोल न धरल्यामुळे. हे साधे गणितही शिकवावे लागते.

मात्र एक पथ्य पाळावे. सांभाळणाऱ्याने मालक होऊ नये. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, आणि मालमत्ता बाळगण्याचा, आपला पैसा आपण सांभाळण्याचा व बँकेचे कर्ज मिळविण्याचा समान हक्क अपंग व्यक्तीस दिला आहे. तेव्हा खाते तिच्या नावे असावे आणि नफ्याच्या विनियोगात तिचा शब्द असावा. जेथे बौद्धिक अपंगत्वामुळे पालक नेमणे आवश्यक ठरते, तेथे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तशी तरतूद आहे. सवलतीच्या कर्जासाठी केंद्र सरकारचे महामंडळ 1997 पासून कार्य करीत आहे. परंतु अर्ज कोठे व कसा करावा हेच ठाऊक नसल्याने कित्येक कुटुंबे मागे राहतात.

म्हणून मंडळास माझी तीन नम्र मागणी आहेत. गुणवंत विद्यार्थ्यांचा आपण दरवर्षी गौरव करतो. त्याच निधीतून अशा दोघांच्या प्रशिक्षणाचे शुल्क द्यावे. प्रमाणपत्रे व कर्जाचे अर्ज भरून देण्यासाठी दोन जाणते कार्यकर्ते नेमावेत. आणि आपल्या लग्नकार्यांतील पाकिटे, पिशव्या, फराळ यांची मागणी प्रथम या घरांकडे न्यावी. मात्र दयेपोटी नव्हे, माल पारखून व रास्त भाव देऊन.

पुढील संमेलनात अशा एका घराने स्वतःचा माल मांडलेला दिसला, तर त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपण आरंभ केला, असे म्हणता येईल.