देऊळ कोणी बांधले?

(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार या शब्दात मोठा अर्थ साठविलेला आहे. नवे देऊळ बांधणे निराळे आणि जीर्णोद्धार करणे निराळे. जीर्णोद्धारात देव नव्याने आणावा लागत नाही. तो गाभाऱ्यात असतोच. भिंतींच्या सांध्यांतून उगवलेला पिंपळ काढावा लागतो, वर्षानुवर्षे एकावर एक चढलेले चुन्याचे आणि तेलरंगाचे थर खरवडावे लागतात आणि मग खालचा मूळचा घडीव दगड दिसू लागतो. शास्त्रात ज्याला आत्मज्ञान म्हटले आहे, त्याची रीतही हीच आहे. आत्मा कोठून आणावयाचा नसतो. त्याच्यावर चढलेले थर उतरवावयाचे असतात. आणि त्या थरांत सर्वांत जाड, सर्वांत चिवट थर कोणता म्हणाल, तर तो ‘हे मी केले’ या भावनेचा.

काम पुरे झाले की गावात प्रश्न निघतोच : देऊळ कोणी बांधले? कोणी समितीचे नाव सांगतो, कोणी मोठ्या देणगीदाराचे, कोणी गवंड्याचे. हिशोबापुरती ही सारी उत्तरे बरोबर आहेत. परंतु जो तो मनातल्या मनात आपलेच उत्तर देऊ लागला, की देवळाच्या पायरीवरच भांडणाचा पाया खणला जातो. म्हणून या मंगल प्रसंगी सोलापूर जिल्ह्याच्या मातीतल्या तीन सत्पुरुषांचे स्मरण करणे उचित होईल. तिघेही कष्टकरी होते. एकाने तळे खोदून देऊळ उभारले, एकाने मळा पिकविला आणि एकाने भिंत बांधता बांधता देह ठेवला.

पहिले सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलगी म्हणत. तेथे बालपणी रानात गुरे राखणाऱ्या सिद्धरामांना श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे दर्शन झाले अशी परंपरा आहे. पुढे त्यांनी तळे खोदविले, देऊळ उभारले, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या मुलखात तळे खोदणे म्हणजे माणसांना आणि जनावरांना जीवदान देणे होते. आजही मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला लोटणारा जनसमुदाय त्या लोककार्याची साक्ष देतो.

अशा थोर पुरुषाच्या चरित्रातला एक प्रसंग ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात आला आहे. तळ्याचे काम जोरात चालले असताना अल्लमप्रभू नावाचे सिद्धपुरुष तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचे नाव एकेरीत घेतले. आपल्या धन्याचा अपमान झाला असे वाटून कामकरी मंडळींनी त्यांच्यावर दगड भिरकावले. सिद्धरामही संतापून धावून आले. अल्लमप्रभू मात्र शांत उभे राहिले. एवढे लोककल्याण करणाऱ्याच्या अंतरात हा क्रोध आला कोठून, आणि बाहेर इतके खोदूनही आतले खोदकाम राहिले की काय, हा त्या भेटीचा मर्मभाग आहे.

या ठिकाणी विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की अल्लमप्रभूंनी तळे खोदण्याला नावे ठेवली नाहीत. तहानलेल्याला पाणी हवेच. त्यांनी बोट ठेवले ते खोदणाऱ्याच्या मनावर. आणि सिद्धरामांचा खरा मोठेपणा हा, की त्यांनी ते ऐकून घेतले. ज्यांच्या शब्दावर शेकडो माणसे कुदळी उचलत होती, ते सिद्धराम शिष्य होऊन अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले आणि तेथे चन्नबसवण्णांकडून त्यांनी उपदेश घेतला. मान मिळाल्यावर नमणे हे मान मिळविण्यापेक्षा कठीण असते.

सिद्धरामांनी कन्नड भाषेत वचने रचली. त्या वचनांची मुद्रा काय, तर ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’! रचणारा स्वतःचे नाव घालीत नाही, आपल्या देवाचे घालतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या देवळाचे अवशेष आजही आहेत. दगडाचे देऊळ काळाच्या ओघात भंगले, पण ती मुद्रा साडेआठशे वर्षे टिकली. दगडावरच्या नावापेक्षा हे नाव न घालणेच अधिक टिकाऊ ठरले.

दुसरे सत्पुरुष माढे तालुक्यातील अरणचे सावता महाराज. त्यांचा काळ इ. स. १२५० ते १२९५. अरणहून पंढरी काही फार दूर नाही, तरीही सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मोट हाकावी, वाफे बांधावेत, तण काढावे, आल्यागेल्याला भाजी द्यावी आणि मुखाने नाम घ्यावे, हीच त्यांची वारी. म्हणून देवच मळ्यात आला आणि त्यांच्या हृदयात लपला, अशी कथा वारकरी सांगतात. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांच्या पुण्यतिथीला मात्र पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. शेतकऱ्याच्या कामाला याहून मोठा मान कोणता?

यावरून कोणी असे समजू नये, की वारी करू नये किंवा देवळात जाऊ नये. सावतोबांची शिकवण एवढीच, की मुक्ती ही घर सोडल्यावर, पोरेबाळे मार्गी लागल्यावर, म्हातारपणी माळ हातात घेतल्यावर मिळावयाची वस्तू नव्हे. ती हातातल्या खुरप्याबरोबर मिळावयाची असते.

पण ती कशी मिळावी? भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला ‘क्षेत्र’ म्हटले आहे आणि जो त्याला जाणतो त्याला ‘क्षेत्रज्ञ’. इ. स. १२९० मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या अध्यायाचा फार मोठा विस्तार आहे. क्षेत्र म्हणजे शेत! हा दृष्टांत शेतकऱ्याला जेवढा चटकन उमगेल तेवढा पंडितालाही उमगणार नाही. शेतात पीक येते, तण येते, कधी टोळधाड, कधी गारपीट. शेतकरी सारे पाहतो, सोसतो, कष्ट करतो. पण मी म्हणजेच ज्वारी, किंवा मी म्हणजेच तण, असे तो म्हणत नाही. मनाच्या शेतातही राग उगवतो, लोभ उगवतो, काळजी उगवते. तेथे मात्र माणूस पाहणारा राहत नाही, स्वतःच ते तण होऊन बसतो. ‘राग आला आहे’ हे ज्याला दिसले, तो त्या क्षणापुरता तरी रागाच्या बाहेर उभा असतो. या बाहेर उभे राहण्यालाच साध्या भाषेत मोकळे होणे म्हणतात.

सातबाऱ्याचा उतारा सर्वांनी पाहिलेला आहे. आज त्यावर ज्याचे नाव आहे, त्याच्या आधी त्याच्या बापाचे होते, त्याआधी आजोबाचे. फेरफार होतो, नाव बदलते, जमीन तेथेच राहते. देहाच्या सातबाऱ्यावरही हे नाव काही काळापुरतेच चढले आहे. हे ज्याने ओळखले, तो शेती टाकून देत नाही. उलट राखणदाराच्या जबाबदारीने अधिक नीट करतो, कारण पुढच्याच्या हाती ती चांगली द्यावयाची असते.

तिसरे सत्पुरुष मंगळवेढ्याचे चोखोबा. त्यांचे नाव घेताना मान खाली घालावी लागते. ज्या विठ्ठलाचा त्यांनी अखंड जप केला, त्याच्या देवळात पाऊल टाकण्याची त्यांना मनाई होती. कारण जन्माने ते महार. मंगळवेढ्यास कुसाच्या भिंतीचे काम चालू असता ती कोसळली आणि त्याखाली त्यांचा अंत झाला. हे साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. जिवंतपणी दाराबाहेर, आणि समाधीही दाराबाहेरच!

चोखोबा अंतरात मुक्त होते, याविषयी कोणाही वारकऱ्याच्या मनात शंका नाही. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आत मोकळा आहे ना, मग बाहेर दार बंद असले म्हणून काय बिघडले, असे दार बंद करणाऱ्याला म्हणता येणार नाही. तसे म्हणणे म्हणजे अध्यात्माच्या नावाने अन्याय झाकणे होय. चोखोबांचे मोकळेपण ही त्यांची कमाई होती. बंद दार हे इतरांचे पाप होते. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणास बसावे लागले. चोखोबांच्या देहान्तानंतर सहाशे नऊ वर्षांनी! ज्ञान होण्यास जन्म लागतात म्हणतात, समाजाला तर शतके लागली. म्हणून जीर्णोद्धार झालेल्या देवळाची पहिली कसोटी कळसाची उंची ही नव्हे. त्याच्या उंबरठ्यावर कोणालाही क्षणभर थबकावे लागू नये, पंगतीत कोणाचे पान वेगळे मांडले जाऊ नये, ही पहिली कसोटी.

आता कोणी विचारील, हे संतांचे झाले. प्रपंचातल्या माणसाने काय करावे? उसाचे बिल अडकले आहे, डाळिंबावर तेल्या पडला आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, मुलीचे लग्न ठरावयाचे आहे. त्याला आत्मज्ञानाला वेळ कोठे? याचे उत्तर असे, की वेगळा वेळ लागतच नाही. जेथे गाठ बसते तेथेच ती सुटते.

बांधाचे उदाहरण घ्यावे. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. बांध खरोखर सरकला असेल तर सरकारी मोजणी करून घ्यावी. हक्क सोडून द्यावा असे कोणताही धर्म सांगत नाही. परंतु मोजणीला जाताना मनाला एक प्रश्न विचारावा : दुखते आहे ते नेमके काय? हातभर जमीन गेली म्हणून दुखते, की ‘माझी’ जमीन ‘त्याने’ घेतली म्हणून? जमिनीची खूण मोजणीदार दाखवील. ‘मी’ची खूण ज्याची त्याने शोधावयाची आहे. हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलेला माणूसही मोजणी करील, कदाचित दावाही लढवील. पण भावाच्या घरी दुःख झाले तर त्याच्या दारी जाण्यास त्याचे पाय अडखळणार नाहीत. आतल्या स्वातंत्र्याची ही रोजच्या व्यवहारातली खूण आहे.

घरातल्या माउलीलाही हाच मार्ग आहे. भल्या पहाटे उठून भाकरी थापणारी, सर्वांना वाढून शेवटी जेवणारी स्त्री कष्टांनी थकत नाही एवढी, कोणाला त्यांची जाणीव नाही या विचाराने थकते. येथे दोघांचे कर्तव्य आहे. घरच्यांनी जाणीव ठेवावी, कामाला हात लावावा. आणि तिने आपली किंमत दुसऱ्याच्या तोंडी ठेवू नये.

गवंडी भिंत चढविताना घटकेघटकेला ओळंबा सोडून पाहतो. वीस थर झाल्यावर भिंत कलली असे दिसून उपयोग नसतो. मनाचेही तसेच आहे. रात्री अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वी दोन क्षण ओळंबा सोडावा : आज कोठे ‘मी’ पुढे सरकला? कोणाचा शब्द लागला, आणि तो कोणाला लागला? उत्तर लगेच मिळेल असे नाही. पण रोज ओळंबा लावणाऱ्याची भिंत सहसा कलत नाही.

शेवटी देणगीदारांविषयी. त्यांची नावे फलकावर कोरली जातात, या स्मरणिकेत छापली जातात, हे योग्यच आहे. सार्वजनिक पैशाचा हिशोब उघडा असावा, आणि एकाचे पाहून दुसऱ्याला देण्याची बुद्धी व्हावी. मात्र फलकावर न मावलेली नावे पुष्कळ असतात. कोणी ट्रॅक्टरने वाळू आणून टाकली, कोणी स्लॅबच्या दिवशी पाट्या वाहिल्या, कोणा म्हातारीने पदराच्या गाठीचे दहा रुपये पावती न घेता दिले, कोणी गवंड्यांना चहा पोहोचविला. ज्यांची नावे लागली त्यांनी या न लागलेल्या नावांना मनोमन नमस्कार करावा. आणि ज्यांची लागली नाहीत त्यांनी सिद्धरामांची मुद्रा आठवावी : स्वतःच्या नावाच्या जागी देवाचे नाव आले, तर तोटा कोणाचाच नाही.

मग देऊळ कोणी बांधले? पाथरवटाला विचारावे तर तो म्हणतो, दगड डोंगराने दिला. शेतकरी म्हणतो, पैसा पिकाने दिला. पीक म्हणते, पाणी मेघाने दिले. मागे मागे जाता जाता ‘मी दिले’ म्हणणारा कोणी सापडतच नाही. जेथे तो सापडेनासा होतो, तेथेच गाभारा सुरू होतो.

हे देऊळ गावाला एकत्र आणो, त्याचा उंबरठा सर्वांना सारखा राहो आणि बाहेरच्या जीर्णोद्धाराबरोबर अंतरंगाचा जीर्णोद्धारही घरोघर चालू राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.