जज ड्रेड आणि पडद्यावर हरवलेला उपरोध

चित्रकथेवरून चित्रपट काढताना तिच्यातील उपरोध राखावा की गाळावा, हा प्रश्न वरवर पाहता निर्मात्याच्या सोयीचा वाटतो. परंतु काही चित्रकथा अशा असतात की त्यांच्यातील उपरोध काढून घेतला म्हणजे त्यांचा अर्थच फिरतो, आणि ज्या सत्तेच्या विरोधात त्या लिहिल्या गेल्या तिचीच भाटगिरी त्यांच्या हातून घडते. इंग्लंडमधील ‘जज ड्रेड’ ही अशीच एक चित्रकथा असून, तिच्यावर १९९५ आणि २०१२ साली निघालेल्या दोन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा असे मी योजिले आहे.

१९७७ साली ‘२००० एडी’ नावाचे चित्रकथांचे साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच्या दुसऱ्याच अंकात ड्रेड वाचकांसमोर आला. या पात्राचा जनक लेखक जॉन वॅग्नर. पात्राला रूप देणारा चित्रकार कार्लोस एझकेरा हा मूळचा सारागोसाचा, म्हणजे ज्याचे बालपण आणि तारुण्य फ्रँकोच्या हुकूमशाहीखालील स्पेनमध्ये गेले असा गृहस्थ. ड्रेडच्या खांद्यावरील तो अवजड गरुड आणि डोळे सर्वस्वी झाकून केवळ करारी हनुवटी उघडी ठेवणारे ते शिरस्त्राण यांत त्या राजवटीची छाया मला स्पष्ट दिसते. कथा घडते बाविसाव्या शतकात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरलेल्या मेगा-सिटी वन या ऐंशी कोटी वस्तीच्या नगरात. तिथे फौजदार, न्यायाधीश आणि जल्लाद या तिघांचा अखत्यार ‘जज’ म्हणजे न्यायाधीश म्हणवणाऱ्या एकाच अंमलदाराकडे सोपवलेला आहे, आणि ड्रेड हा असाच एक जज. वकील नाही, जबानी नाही, अपील नाही. गुन्हा नजरेस पडला की भर रस्त्यात निवाडा आणि तिथेच शिक्षेची अंमलबजावणी.

आता हे सारे गंभीर चेहऱ्याने सांगितले असते तर वाचक एक तर भयभीत झाला असता, नाही तर अशा कडक शिस्तीवर लुब्ध झाला असता, आणि दुसरी शक्यता अधिक धोक्याची होती. वॅग्नरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपरोधाची योजना केली ती इथे. यंत्रांनी सारी कामे बळकावल्यामुळे नगरातील बहुसंख्य लोक बेकार आहेत, आणि रिकामपणातून त्यांना नाना प्रकारचे छंद जडतात. ऑटो संप नावाचा एक अत्यंत कुरूप पण मनाने निर्मळ इसम माणसांना पैसे घेऊन कुरूप करून देण्याचा व्यवसाय काढतो, आणि कुरूप दिसणे ही फॅशन होऊन बसते. दुसरे काही लोक खाऊन खाऊन इतके स्थूल होतात की पोट पेलण्यासाठी त्याखाली चाक बसवून त्यांना रस्त्याने चालावे लागते. वाचक हसतो, परंतु हसता हसता त्याच्या ध्यानात येते की ज्यांच्यापाशी काम नाही आणि राज्यकारभारात ज्यांना मत नाही, त्यांच्या ताब्यात स्वतःचा चेहरा आणि स्वतःचे पोट एवढीच काय ती मालमत्ता उरली आहे. आणि कायदा तिथेही येऊन पोहोचतो, कारण या नगरात साखरसुद्धा निषिद्ध आहे.

१९८१ सालच्या ‘ब्लॉक मेनिया’ या कथेत तर, ज्या एनिड ब्लायटनच्या गोष्टी आपल्याकडच्या मुलांनीही आवडीने वाचल्या, तिचे नाव धारण करणाऱ्या उत्तुंग इमारतीतील रहिवासी शेजारच्या इमारतीवर शस्त्रे घेऊन तुटून पडतात. सुरुवातीस हा प्रकार हास्यास्पद वाटतो. पुढे उलगडते की शत्रुराष्ट्राच्या हस्तकाने पाण्यात विष कालवले होते. त्यातून महायुद्ध उद्भवते, आणि त्या युद्धाच्या अखेरीस ड्रेड स्वतः कळ दाबून पन्नास कोटी माणसांचे शत्रुनगर भस्मसात करतो. काही महिन्यांपूर्वी हसत असलेला वाचक या पानाशी येऊन थबकतो. तो आधी हसला होता म्हणूनच हा आघात त्याला इतका जिव्हारी लागतो, असे माझे मत आहे.

१९९५ च्या चित्रपटात ड्रेडची भूमिका सिल्व्हेस्टर स्टॅलोनने केली. त्यातील एक प्रसंग मूळ कथेच्या प्रकृतीशी पूर्णपणे जुळतो. तुरुंगातून नुकताच सुटलेला फर्गी नावाचा माणूस इमारतीत गोळीबार सुरू झालेला पाहून जीव वाचवण्यासाठी खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका यंत्रमानवाच्या आत लपतो. ड्रेड त्याला सरकारी यंत्राशी छेडछाड केल्याबद्दल पाच वर्षांची सजा फर्मावतो. खिडकीतून उडी टाकायची होतीस, असे ड्रेड म्हणतो. चाळीस मजल्यांवरून उडी म्हणजे आत्महत्याच झाली असती, अशी फर्गी काकुळतीने विनवणी करतो. त्यावर ड्रेडचे उत्तर असे की, झालीही असती, परंतु ती कायदेशीर ठरली असती. माणसाच्या जिवापेक्षा कलमाला अधिक मोल देणाऱ्या व्यवस्थेचे याहून नेमके दर्शन क्वचितच घडेल.

परंतु त्यानंतर हा चित्रपट वाट सोडतो. फर्गी निव्वळ विदूषक होतो, आणि विनोदाचा सारा भार त्याच्यावर पडल्यामुळे ड्रेड आणि त्याचा कायदा हे उपरोधाच्या कक्षेबाहेर निघून जातात. ड्रेडवर खुनाचा खोटा आळ येतो, कारस्थान एका दुष्ट न्यायाधीशाचे निघते, तो मरतो आणि ड्रेड सन्मानाने कामावर रुजू होतो. दोष एका व्यक्तीचा ठरला, व्यवस्था निर्दोष सुटली! मूळ कथेत आरोपीच्या पिंजऱ्यात व्यवस्थाच उभी होती. तेव्हा विनोद भरपूर आणि उपरोध नाममात्र, अशी या चित्रपटाची स्थिती झाली. ड्रेडने पडद्यावर शिरस्त्राण काढले याचा रसिकांना जो राग आला, त्याहून ही चूक मला अधिक गंभीर वाटते.

अ‍ॅलेक्स गार्लंडने लिहिलेला २०१२ चा ‘ड्रेड’ अधिक निष्ठेने केलेला आहे. कार्ल अर्बन एकदाही शिरस्त्राण उतरवत नाही, आणि एका दोनशे मजली इमारतीत कोंडलेल्या दोन न्यायाधीशांची ही कथा कमालीच्या संयमाने रचलेली आहे. इमारतीच्या दाराशी बसलेल्या एका भिकाऱ्याला, आपण परत येऊ तेव्हा इथे दिसू नकोस, असे ड्रेड बजावतो. पुढे इमारतीचे प्रचंड दरवाजे बंद होतात आणि तो भिकारी त्यांखाली चिरडून मरतो. हुकमाची तामिली झाली! असा क्षण मात्र एखाददुसराच. बाकी नगरातील छांदिष्ट नागरिक या चित्रपटात नाहीतच; आहेत ते भेदरलेले रहिवासी, नाही तर बंदूकधारी गुंड. त्यामुळे प्रेक्षक नगराकडे न्यायाधीशाच्याच शिरस्त्राणातून पाहतो, आणि अशा ठिकाणी असाच माणूस हवा, या निष्कर्षावर येतो. हा निष्कर्ष मूळ लेखकांना निश्चितच अभिप्रेत नव्हता.

यावर असे सांगण्यात येते की, साप्ताहिकातील पाच-सहा पानांचा उपरोध दोन तासांच्या चित्रपटात टिकत नाही, आणि मोठे भांडवल गुंतले असता कोणाची खोड काढणे परवडत नाही. दुसरी अडचण खरी आहे. १९७८ साली याच चित्रकथेने दोन बड्या खाद्यकंपन्यांची थट्टा केली, ती प्रकरणे कायद्याच्या भीतीने कित्येक वर्षे पुनर्मुद्रित झाली नाहीत, आणि ब्रिटनमधील कायद्याने विडंबनाला मोकळीक दिल्यानंतर २०१६ साली ती पुस्तकात परत आली. पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. पॉल व्हर्होव्हनने १९८७ सालच्या ‘रोबोकॉप’मध्ये रक्तपाताच्या मधोमध खोट्या बातम्या आणि खोट्या जाहिराती पेरल्या, अणुयुद्धाचा खेळ खेळणारे आनंदी कुटुंब दाखवले, आणि तो चित्रपट लोकांनी उचलून धरला. तेव्हा उपरोध पडद्याला पेलत नाही, असे म्हणता येणार नाही. निर्मात्याची छाती तेवढी हवी.

माझा निवाडा असा की, चित्रकथेतील प्रसंग बदलावेत, पात्रे गाळावीत, काळ हलवावा, परंतु तिचा उपरोध ज्याच्यावर रोखलेला आहे त्याला चित्रपटाने अभय देऊ नये. ज्यांना या विषयाची गोडी वाटेल त्यांनी वॅग्नर आणि कॉलिन मॅकनील यांची १९९० सालची ‘अमेरिका’ ही ड्रेड-कथा मिळवून वाचावी. लोकशाही मागणाऱ्या एका तरुणीची ती हकिकत आहे आणि तीत हसण्याजोगे फारसे काही नाही. ती वाचल्यानंतर हे दोन्ही चित्रपट पाहावेत, आणि त्यांत काय उरले व काय गळाले याचा निर्णय श्रोत्यांनी स्वतः करावा, एवढीच माझी विनंती आहे.