नांव एक, वाद्य दुसरें

जुन्या वस्तूंच्या बाजारांत कधीं कधीं एखादें चमत्कारिक तंतुवाद्य दृष्टीस पडतें. त्याला सतारीसारखी दांडी नसते. लांकडी पेटीवरच तारा ताणलेल्या असतात. हें झिथर-कुळाचें लक्षण होय. स्वरमंडळहि त्याच गोत्रांतलें.

यापुढील ओळख नांवावरून नव्हे, तर नाद कशानें निघतो यावरून पटवावी. टंकयंत्रासारखीं बटणें असल्यास तें १९१२ सालीं जपानांत मोरिता गोरो यांनीं निर्मिलेलें ताइशोगोतो, किंवा त्याचा भारतीय वंशज बुलबुलतरंग. लवचिक पोलादी पट्ट्यांच्या टोकांवरील हातोड्या तारांवर आपटत असल्यास तें अमेरिकन मार्क्सोफोन. एका बाजूस गजानें वाजवावयाच्या सोळा तारा व दुसऱ्या बाजूस चार-चार तारांचे चार गट असल्यास तें युकेलिन. युकुलेली आणि व्हायोलिन या नांवांची ही जोड. परंतु वाद्य दोहोंपैकीं एकहि नव्हे. तें हनुवटीखालीं धरीत नाहींत. मेजावर ठेवून वाजवितात.

कूळ ओळखल्यावांचून खुंट्या पिळल्यास तारा तुटतात, पेटीहि उकलते. युकेलिनसोबत आंकडे छापलेलीं स्वरपत्रें मिळत. ते आंकडे तारांच्या क्रमांकांशीं जुळतात. तीं पत्रें रद्दींत गेलीं, तर वाद्य घरांत राहूनहि त्याची विद्या घराबाहेर जाते.