सुईणीच्या गावात सुई

(आकाशवाणीवरील भाषण)

मला दिलेल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे. रेडिओ ऐकताना मध्येच कुकरची शिट्टी होते, कोणी दाराशी येते आणि नेमके तेवढेच वाक्य निसटते. गोष्ट अशी : आठ दिवसांच्या बाळाला जंतुदोष झाला, डॉक्टरांच्या भाषेत सेप्सिस झाला, तर त्याला सुई कोणी टोचावी हा प्रश्न पदवीचा नाही, अंतराचा आहे. आपल्याकडे गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, त्यांची 'सर्च' संस्था, तिचे ठिकाण शोधग्राम, तिच्या गावोगावच्या आरोग्यदूत हे काही नव्याने सांगायला नको. पण आरोग्यदूत म्हटले की आपण 'चांगले काम करतात हो त्या बाया' एवढे बोलून मोकळे होतो. त्या बायांनी वैद्यकशास्त्राच्या एका पक्क्या समजुतीला हात घातला होता, आणि तोही रीतसर पुरावा ठेवून, हे मात्र आपण विसरतो. नवजात बाळाच्या सेप्सिसवर उपचार म्हणजे रुग्णालय, काचेची पेटी, सलाइन आणि बालरोगतज्ज्ञ, बाकी सगळे म्हणजे जिवाशी खेळ, अशी ती समजूत होती.

आता धानाची बांधी डोळ्यांपुढे आणा. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेकडा बीळ पाडतो. रात्री त्यातून बोटभर धार लागते. त्या वेळी कोणी धुऱ्यावरून फिरत असेल आणि चिखलाचा एक गोळा दाबला तर भागते. सकाळवर ढकलले तर धुरा फुटतो, बांधीतले पाणी खालच्या नाल्यात जाते, मग दहा माणसे लावूनही गेलेले पाणी परत येत नाही. पाटबंधारे खात्याचा अभियंता येईपर्यंत फावड्याला हात लावू नका, असे कोणी म्हणाले तर त्याला गावात कोणी उभे करणार नाही. बाळाचा जंतुदोष ही तशीच बोटभर धार असते. सकाळी बाळ दूध ओढायचे सोडते, संध्याकाळी हातपाय लुळे पडतात, आणि पुष्कळदा दुसरी सकाळ उजाडत नाही. 'सर्च'ने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतली ७६३ नवजात बाळे पहिले २८ दिवस घरी जाऊन पाहिली, नोंदवली. त्यांतल्या ५४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. रुग्णालयात पोचली ती हजारी चार या प्रमाणात, म्हणजे सगळी मिळून तीन. त्या काळी शंभरातली पंचाण्णव बाळंतपणे घरीच होत होती. म्हणजे धार लागत होती ती बांधीत, आणि फावडे ठेवले होते तालुक्याला.

मग फावडे गावात आणले. पाचवी ते दहावी शिकलेली गावातलीच बाई निवडली, हीच ती आरोग्यदूत. बाळंतपणाला सुईणीबरोबर हजर राहायचे, बाळ रडले नाही तर नळी आणि मुखवट्याने श्वास द्यायचा, झोळीच्या काट्यावर वजन घ्यायचे, बाळाला ऊब द्यायची आणि मग महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचे, हे तिला शिकवले. म्हणजे धुऱ्यावरून फिरायचे. ती पाहते काय? रडणे क्षीण झाले का, दूध ओढणे थांबले का, हातपाय लुळे आहेत का, पोट फुगले किंवा उलटी झाली का, अंग गार किंवा गरम लागते का, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, बेंबीत पू आहे का. या सातांपैकी कोणतीही दोन लक्षणे एका वेळी दिसली की ती आईबापांना रुग्णालयात जायला सांगते. ते नाही म्हणाले आणि घरी उपचार करायला संमती दिली, तरच तोंडाने औषध आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुई. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालूच होती, तुलना त्यांच्याशी. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी शेकडा १६.६ दगावत होती, सुई सुरू झाल्यावर शेकडा २.८. डिसेंबर १९९९ मध्ये हे सारे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आक्षेप आले, आणि ते सगळेच दुष्टपणाचे नव्हते. पहिला आक्षेप असा की ऊब, अंगावरचे दूध, श्वास, सुई असा सगळा गट एकत्र दिला होता, मग सुईनेच फरक पडला कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण सोळाचे जवळपास तीन झाले ते सेप्सिस झालेल्या बाळांमध्ये, आणि ऊब देऊन झालेला सेप्सिस बरा होत नाही. दुसरा आक्षेप पदवीचा : सातवी शिकलेली बाई सुई कशी टोचेल? इथे ऑस्ट्रेलियाची सिस्टर एलिझाबेथ केनी आठवते. पोलिओने लुळे पडलेले हातपाय डॉक्टर खपच्यांना बांधून ठेवत, ही बाई ते गरम ओल्या लोकरी कापडाने शेकून हलवायची. परिचारिकेचे रीतसर शिक्षण नाही म्हणून तिला वर्षानुवर्षे झिडकारले. १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली, तिथे तिचे ऐकले गेले आणि हळूहळू खपच्या सुटल्या. पण केनीबाई भांडल्या फार, तुलनेचे आकडे त्यांनी कधी नीट मांडले नाहीत. गडचिरोलीने आकडे आधी ठेवले. दुसराही फरक आहे : तिथे भांडणारी स्वतः उपचार करणारीच होती, इथे सुई धरली गावच्या बाईने आणि तिच्या वतीने बोलले ते डॉक्टर. हे मला जरा सलते, पण त्यावर वेगळे भाषण लागेल.

तिसरा आक्षेप आजही ऐकू येतो. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष आहे, मग गावात सुई कशाला? अहो, बाळंतीण दोनतीन दिवसांत घरी येते आणि जंतुदोष पुष्कळदा त्यानंतर होतो. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो, तो काय बाळाची तब्येत पाहून होतो? मी रुग्णालयाच्या विरोधात बोलत नाही. मोठे भगदाड पडले की अभियंता हवाच, यंत्रही हवे. पण बोटभर धारेला जवळचा माणूस लागतो. कुकरवाल्यांसाठी पुन्हा सांगते : प्रश्न पदवीचा नाही, अंतराचा आहे. आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा.

चौथा आक्षेप औषधांचा : सुया वाढल्या की औषधे निकामी होतील, ही खरी भीती आहे, ती मी झटकणार नाही. मात्र सात लक्षणे मोजून, वहीत लिहून सुई देणारी बाई एकीकडे आणि प्रत्येक तापाला सुई टोचणारा बाजारातला बिनपदवीचा डॉक्टर दुसरीकडे, यांत औषध कोण नासवतो? शिवाय कोणते औषध अजून चालते हे दर काही वर्षांनी तपासायला हवेच, त्याचे काय करायचे ते... घड्याळात दीड मिनिट उरले आहे, ते राहू द्या.

देशाने गडचिरोलीकडून काय घेतले ते सांगते. २०११ पासून सरकारच्या गावपातळीवरच्या आशाताई देशभर नवजात बाळांच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि सगळ्या भेटी मिळून मानधन २५० रुपये. फिरणे घेतले, वजनकाटा घेतला, सुई मात्र वगळली. २०१४ मध्ये केंद्राने ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभा एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, दिली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले की रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तर अशा बाळांवर बाहेर उपचार करता येतात. पण आदिवासी भागातसुद्धा तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आणि मधे जंगल. धुऱ्यावर चालणारीच्या हाती फावडे नाही, हा माझ्या तक्रारीचा मुद्दा आहे, आणि तो आरोग्य खात्याने ऐकावा.

तुमच्यासाठी एवढेच : घरात बाळंतीण असेल तर आशाताईला बाळ उघडे करून पाहू द्या, वजन करू द्या, दृष्ट लागेल म्हणून तिला दारातून परत धाडू नका. आणि बाळाने दूध ओढायचे सोडले असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णवाहिकेला फोन करा. क्रमांक १०८. पुन्हा सांगते, एकशे आठ.