उन्हाळ्याची सुटी आणि परदेशी विद्यालयांचे द्वार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



गुणवंतांचे कौतुक आताच यथास्थित झाले आहे. त्याची पुनरुक्ती न करता, अलीकडे आपल्या ज्ञातीतील कित्येक पालकांस ज्या प्रश्नाने घेरले आहे, त्याचाच विचार आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत. बारावीनंतर मुलास किंवा मुलीस अमेरिकेतील महाविद्यालयात धाडावयाचे असेल, तर त्याआधीच्या उन्हाळ्याच्या सुट्या कशा घालवाव्यात, हा तो प्रश्न होय.

आपल्याकडे अभियांत्रिकी वा वैद्यक शाखेसाठी मुख्यतः प्रवेशपरीक्षेतील गुण पाहिले जातात. मुलाने सुटीत काय केले, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील निवडक महाविद्यालये मात्र शाळेतील गुण व विषयांची निवड आधी पाहतात, आणि मग विद्यार्थ्याने आपला मोकळा वेळ कोठे खर्चिला, याची पृच्छा करतात. शाळेचे वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले असते. सुटीचे वेळापत्रक बरेचसे स्वतःचे असते. म्हणूनच सुटीवरून मुलाची खरी आवड कळते, असा त्यांचा हिशेब आहे.

तेथील १,००० हून अधिक महाविद्यालये 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाचा सामाईक अर्ज स्वीकारतात. त्यात नववी ते बारावीपर्यंतचे अधिकाधिक १० उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकाच्या वर्णनास अवघी १५० अक्षरे मिळतात. आठवड्यास किती तास, वर्षास किती आठवडे, आणि काम शाळा चालू असता केले की सुटीत, हेही सांगावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने तर 'मागील दोन उन्हाळे कसे घालविलेत?' असा स्वतंत्र प्रश्न कित्येक वर्षे विचारला.

आता येथेच बाजार शिरतो. नामांकित विद्यापीठांच्या आवारात भारी शुल्क घेऊन दोन-चार आठवड्यांचे उन्हाळी वर्ग चालतात, आणि तेथे गेले की प्रवेश सुकर होतो, अशी समजूत पसरविली जाते. ती निराधार आहे; अशा वर्गास बसल्याने पुढील प्रवेशाचा हक्क मिळत नाही. ज्या थोड्या वर्गांस खरे वजन आहे, ते कडक निवडीचे असतात, आणि त्यांतील काही विनाशुल्क आहेत. १९८४ पासून चालत आलेली 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' ही त्यांपैकीच एक. तेव्हा केवळ प्रमाणपत्रासाठी कोणी घर गहाण टाकू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मग सामान्य घरातील मुलाने लिहावे तरी काय? ह्याच अर्जातील उपक्रमांच्या यादीत 'वेतनाचे काम' आणि 'कौटुंबिक जबाबदारी' अशी दोन सदरे आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. समजा, एखादा मुलगा वडिलांच्या किराणा दुकानात दररोज ३ तास, आठवड्याचे ६ दिवस, ६ आठवडे बसला. हे १०८ तास झाले. त्याने उधारीची वही नीट लावली, थकबाकी निराळी काढली, तर ते सांगण्याजोगे काम आहे. अंथरुणास खिळलेल्या आजीची शुश्रूषा करणारी मुलगी कोणत्याही शिबिरार्थ्यापेक्षा उणी नाही. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयातील एका प्रकल्पाने २०१६ साली 'टर्निंग द टाइड' नावाचा अहवाल काढला. घरासाठी केलेले कष्ट व सातत्याने केलेली सेवा यांस मान द्यावा, असेच त्यात म्हटले आहे, आणि अनेक प्रवेशाधिकाऱ्यांनी त्यास दुजोरा दिला आहे.

आता एक कटू गोष्ट. आपल्या मंडळाकडेही 'मुलाने समाजसेवा केली, असा दाखला द्या' अशी मागणी येऊ लागली आहे; आणि मूल तर मंडळाची पायरीही चढलेले नसते! असा दाखला कदापि देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्जातील मजकूर खरा असल्याची ग्वाही विद्यार्थ्यास स्वतः द्यावी लागते, आणि खोटे उघड झाल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. २०१९ साली अमेरिकेत जो प्रवेश-घोटाळा बाहेर आला, त्यात न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून मुले दाखविली होती. कित्येक धनाढ्य पालकांस तुरुंग पाहावा लागला. शिवाय सतराव्या वर्षी खोट्या दाखल्याची चटक लागलेल्या मुलाच्या हाती उद्या आपण कोणते विश्वासाचे काम सोपविणार?

त्यापेक्षा मंडळाने काम द्यावे. वाचनालयातील पुस्तकांची सूची करावयाची आहे, जुन्या स्मरणिका नीट लावावयाच्या आहेत, लहान मुलांस गणित शिकवावयाचे आहे. हजेरीपट ठेवावा, आणि जितके तास भरले तितक्यांचाच दाखला द्यावा. नववीच्या उन्हाळ्यात आरंभ करावा, आणि दहावीच्या परीक्षेनंतरची लांब सुटी व्यर्थ दवडू नये. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यावर सारा भार टाकू नये, कारण बहुतेक अर्ज बारावीच्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास जातात.

हार्वर्ड, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जदारांतून पाचांसही प्रवेश मिळत नाही. तेव्हा प्रवेश न मिळणे, हेच अधिक संभवनीय. परंतु लावलेली सूची वाचनालयात राहील, शिकविलेले गणित लहानग्यांच्या डोक्यात राहील, आणि आजीचा आशीर्वाद तर राहीलच. जी सुटी प्रवेश न मिळताही वाया गेली असे वाटत नाही, तीच सुटी योग्य रीतीने घालविली, असे आम्ही समजतो.